लाल टिकलीवाले

थिंकपॅडवाले, म्हणजे त्या नावाचा लॅपटॉप वापरणारे, ओळखायला सोपे असतात. तुम्ही एसटी स्टँडच्या बाकावर नाहीतर तहसीलच्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसलात, आणि तो काळा, चौकोनी, कळफलकाच्या मधोमध लाल टिकली असलेला असला, की थोड्या वेळात कुणीतरी मान वाकडी करून पडद्याच्या चौकटीवरचा नंबर वाचायला लागतो. मग जवळ येतो. ‘टी चारशे वीस ना?’ आपण हो म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘बॅटरी किती सेलची?’ आमच्या मराठवाड्यात अनोळखी माणसाला आधी विचारतात, ‘कोणतं गाव?’ आणि मग, ‘कुणाचे?’ दुसऱ्या प्रश्नात काय विचारलंय ते सगळ्यांना कळतं. हे दोन्ही प्रश्न गाळून थेट बॅटरीवर येणारे लोक मला आधी चमत्कारिक वाटले, नंतर आवडायला लागले.

संख्येनं ते फार नाहीत. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, इकडे अंबाजोगाई धरून एका व्हॉट्सअॅप ग्रुपात आरामात मावतात. त्यात आयटीआयचे एक निदेशक आहेत, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. अभियांत्रिकीची पोरं आहेत, सेतू केंद्र चालवणारा एक जण, जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी, जिनिंगवर हिशेब लिहिणारा एक. आणि ह्यातल्या एकानंही आजवर नवा थिंकपॅड विकत घेतलेला नाही. नवा घ्यायची ऐपत असलेले दोघे-तिघे आहेत, पण त्यांनीही घेतलेला नाही. म्हणजे कंपनीच्या वहीत हे गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा नोंदलेले नाहीत. ज्या कंपनीला आपल्यापासून दमडी मिळत नाही, तिच्या मालाची इतकी ओढ माणसाला का लागावी, ह्याचा विचार मी बरेच दिवस करतोय.

माझं ह्या गोतावळ्यात येणं अगदी साधं. पहिला लॅपटॉप दुसऱ्याच एका कंपनीचा होता, नवा कोरा, हप्त्यानं घेतलेला. वॉरंटी संपली आणि उजवी बिजागरी प्लॅस्टिकसकट उखडून हातात आली. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, अख्खं झाकण बदलावं लागेल. आकडाही सांगितला. त्या आकड्यात संभाजीनगरात पैठण गेटाच्या अंगाला बोळात जुने लॅपटॉप विकणाऱ्या मामूंनी मला टी ४२० दिला आणि वर पाचशे परत केले. नोट हातावर ठेवताना म्हणाले, ‘अब दो-चार साल मेरेकू मुँह मत दिखाना.’ मी मात्र आठवड्यातून एकदा तरी तिथे जातोच.

आता थोडी कुळकथा, कारण ती ऐकवल्याशिवाय ह्या लोकांत कुणाला बसू देत नाहीत. थिंकपॅड १९९२ च्या ऑक्टोबरात बाजारात आला. कंपनी आयबीएम. ‘थिंक’ हे ब्रीद तिथले प्रमुख थॉमस वॉटसन यांनी रुजवलेलं, आणि कंपनीतल्या लोकांकडे तो शब्द छापलेली खिशातली छोटी वही असायची. तिच्यावरून नाव पडलं. रूप रिचर्ड सॅपर यांनी दिलं, हे मूळचे जर्मन, राहायचे मिलानला. जपानी माणसाचा जेवणाचा काळा डबा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. बाहेरून काही कळू नये आणि उघडलं की सगळं आपापल्या कप्प्यात. प्रत्यक्ष बांधणी जपानातल्या यामातो इथल्या प्रयोगशाळेत झाली. अरिमासा नाइतो तिथले मुख्य अभियंता, थिंकपॅडचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. टिकली आयबीएममधले संशोधक टेड सेल्कर यांची. हात कळफलकावरून उचलून माउसपर्यंत न्यायला पाऊण सेकंद लागतो, तेवढा वाचवायचा म्हणून त्यांनी जी आणि एच ह्या कळांच्या मधे एक बारीकशी दांडी उभी केली. हव्या त्या दिशेला बोटानं नुसता दाब द्यायचा, दांडी जागची हलत नाही. जितका दाब तितका पडद्यावरचा बाण जोरात पळतो.

आणि तिच्या रंगाची गोष्ट. आयबीएमच्या सुरक्षेच्या नियमांत लाल रंग धोक्याच्या वेळी वीज तोडायच्या बटनासाठी राखीव होता. टिकली लाल करता येणार नाही, असा शेरा आला. डिझाइनवाल्यांनी कागदावर रंगाचं नाव ‘मॅजेंटा’ लिहिलं आणि टिकली होती तशीच ठेवली. आमच्याकडे फाइल कशी फिरवतात हे ज्यानं जन्मभर पाहिलंय त्याला ही गोष्ट जिवाभावाची वाटते. सेतू केंद्रवाला ती सांगताना दर वेळी टेबलावर थाप मारतो. दुसरी आवडती गोष्ट म्हणजे १९९३ च्या डिसेंबरात एंडेव्हर यान हबल दुर्बीण दुरुस्त करायला गेलं, तेव्हा त्यात थिंकपॅड होता. ‘आपला’ थिंकपॅड, असं म्हणतात. कधी कधी तर असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यान उडालं ते चिकलठाण्याहून.

कंप्युटरची भक्ती म्हटलं की बाकी जगाला अॅपल आठवतं, आणि ते बरोबरच आहे. १९८४ साली मॅकिंटॉश आला तेव्हा त्या कंपनीत गाय कावासाकी यांचं कामच मुळी प्रचारकाचं होतं, आणि हुद्द्याचं नावही तेच. १९९७ च्या ऑगस्टात बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी मायक्रोसॉफ्टशी समझोता जाहीर केला आणि मोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसले, तर सभागृहातल्या लोकांनी हुर्यो उडवली. मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवणार होती, बुडती कंपनी त्यानं तरणार होती, तरी हुर्यो. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत बीकेसीला अॅपलचं दालन उघडलं तेव्हा एक जण आपला जुना मॅकिंटॉश घेऊन गेला होता आणि टिम कुक यांनी तो बघून डोळे मोठे केले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण ह्या भक्तीला कंपनीनं हात धरून वाढवलेलं आहे. दर सप्टेंबरात तिला नवं काहीतरी दिलं जातं. आमच्या लोकांना दर वर्षी नवीन काही दिलं तर ते घाबरतात.

अॅपलवाल्यांतलेच काही जण मात्र मला आपल्यातले वाटतात. न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र अॅपलनं १९९३ मध्ये काढलं आणि १९९८ मध्ये बंद करून टाकलं. वापरणारे बंद झाले नाहीत. त्यांनी स्वतःच त्याचे प्रोग्रॅम लिहिले, सुटे भाग जमवले, एकमेकांची यंत्रं दुरुस्त केली. २००५ मध्ये दोन संशोधकांनी त्यांच्यावर अख्खा निबंध लिहिला आणि त्यांच्या बोलण्यात धर्माच्या गोष्टी कशा येतात ते दाखवलं: छळ, निष्ठेची परीक्षा, मेलेलं यंत्र पुन्हा उठणं, निर्माता एक दिवस परत येईल ही आशा. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

मामूंच्या दुकानात लॉट येतो तो दिवस बघण्यासारखा असतो. मोठ्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाड्यानं घेतात. मुदत संपली की ते शेकड्यांनी परत जातात आणि दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असे उतरत उतरत आपल्यापर्यंत पोचतात. मामू कुणाला फोन करत नाहीत. स्टेटसला पुठ्ठ्याच्या खोक्याचा फोटो ठेवतात, खाली एक अक्षर लिहीत नाहीत. तासाभरात बोळात गाड्या लागलेल्या असतात.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. देवणीची जोडी घ्यायला आलेला शेतकरी तिथे जसा आधी बैलाकडे बघतच नाही, पाऊसपाण्याचं बोलत फेरी मारतो आणि मग एकदम जबडा धरून दात मोजतो, तशी ही माणसं लॅपटॉप बघतात. आधी चहा. खोकं उघडं असतं, पण हात कुणी घालत नाही. मग सर एक उचलतात, झाकण पार मागे, सपाट होईपर्यंत उघडतात. अर्ध्यावर आणून हात काढून घेतात. झाकण तिथेच थांबलं पाहिजे, थरथरलं तरी मनातून उतरलं. मग खालचं अंग एका कोपऱ्यात धरून आडवं उचलतात आणि कान लावतात. करकर ऐकू आली तर आतली मॅग्नेशियमची चौकट कधीतरी पडून तडकली आहे. कळा एकेक दाबून होतात. मग सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरायचं. तिथे कंपनीनं घातलेला सुपरवायझर पासवर्ड निघाला नसेल तर तो नग बाजूला, कितीही देखणा असो. पडदा आयपीएस, म्हणजे तिरकं बघूनही रंग न बिघडणारा, आहे का, हे बघायला स्वतः भिंतीपर्यंत मागे सरून तिरकं बघायचं. माळेगावला भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. मामूंकडे कॅल्क्युलेटर आहे. मामू आकडा दाबून तो पुढे सरकवतात, सर खोडून आपला दाबतात, पुन्हा मामू. तोंडानं दोघंही सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत असतात.

ह्या सगळ्यात नवी वस्तू घेण्याचा आनंद कुठेच नाही. नव्या वस्तूची पेटी उघडतानाचे व्हिडिओ बघणारी पोरं इथे पहिल्यांदा आली की जरा हिरमुसतात. इथला आनंद पारखण्याचा आहे. पंधरा-वीस हजारांत मिळणारी वस्तू कधीकाळी लाखाच्या घरात होती, आणि ती ओळखायची नजर आपल्याकडे आहे, पैसेवाल्याकडे नाही, हे त्यातलं सुख. मला वाटतं, कोड्याचा निम्मा उलगडा इथे होतो. जन्मभर ज्याला ‘परवडेल ते घे’ असं ऐकवलं गेलं, त्याला आपल्या निवडीचा अभिमान वाटावा अशी ही दुर्मीळ जागा आहे.

उरलेला निम्मा सरांच्या टेबलावर आहे. आयबीएमनं आणि पुढे थिंकपॅड जिच्याकडे गेला त्या लेनोवो कंपनीनं प्रत्येक थिंकपॅडची दुरुस्तीची पोथी सगळ्यांना खुली ठेवली. कोणता भाग कोणत्या क्रमानं काढायचा, कोणता स्क्रू किती लांबीचा, कुठे किती, प्रत्येक सुट्या भागाचा नंबर काय, सगळं चित्रांसकट. सरांनी टी ४२० ची पोथी छापून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवली आहे. कडा काळ्या पडल्यात. समासात पेन्सिलीनं मराठी शेरे आहेत: ‘हा स्क्रू लांब आहे, दुसऱ्या भोकात घातला तर बोर्ड जातो.’ ‘इथे पेचकस नको, नख लावा.’ ‘पट्टी ओढायची नाही, आधी कुलूप वर.’ एका पानावर चहाचा गोल डाग आणि त्याच्या शेजारी त्याच अक्षरात ‘नाली तपासली, चालते’. कळफलकावर काही सांडलं तर ते आतल्या पन्हळीतून तळाच्या भोकांवाटे बाहेर पडावं अशी सोय थिंकपॅडला असते, तिचा तो पुरावा. आयटीआयची पोरं ह्या पोथीवर हात बसवतात. त्यातल्या एकानं पुढे जालन्याला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पोथी मात्र सर कुणाला घरी नेऊ देत नाहीत.

आणि दिवा. जुन्या थिंकपॅडला पडद्याच्या वरच्या काठात एक बारीक दिवा असायचा, थिंकलाइट. डाव्या हाताची खालची कोपऱ्यातली कळ आणि उजवीकडची वरची कोपऱ्यातली, ह्या दोन एकदम दाबल्या की कळफलकावर उजेड पडे. दोन्ही टोकांच्या कळा मुद्दाम निवडल्या होत्या, काळोखात चाचपून सापडाव्यात म्हणून. अमेरिकेत तो उजेड विमानात कामाला येत असेल. आमच्याकडे लोडशेडिंगची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको. गुरुजी तेव्हा सेलू तालुक्यात होते. संध्याकाळी वीज गेली की बॅटरी आणि तो दिवा ह्यांच्यावर शाळेची माहिती भरायचे, पटसंख्या, शालेय पोषण आहार, गणवेश. पडद्याचा उजेड कमी करायचा, म्हणजे बॅटरी टिकते, आणि बाजूला कागद ठेवला तर त्याच दिव्यात तोही वाचता येतो. पुढे सगळ्या कंपन्यांनी कळांच्या खालून उजेड द्यायला सुरुवात केली आणि २०१३ च्या मॉडेलांतून थिंकलाइट गेला. गुरुजींचं म्हणणं एवढंच आहे की खालून येणाऱ्या उजेडात शेजारचा कागद दिसत नाही. ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता भांडणांकडे यायला हवं, कारण भक्त असले की पंथ आलेच. आयबीएमनं आपला पीसीचा धंदा लेनोवोला विकल्याचं डिसेंबर २००४ मध्ये जाहीर झालं आणि मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. झाकणावर आयबीएम लिहिलेलं असेल तोच खरा, असं मानणारे दोन म्हातारे आमच्यात आहेत. बाकीचे त्यांचा मान राखतात आणि दुर्लक्ष करतात. पण खरी फाळणी झाली २०१२ मध्ये. तोवर बहुतेक थिंकपॅडांच्या कळफलकाला सात ओळी होत्या. २०११ च्या टी ४२० आणि एक्स २२० पर्यंत तसंच होतं. पुढच्या वर्षी टी ४३० आणि एक्स २३० आले ते सहा ओळींचे, सुट्या चपट्या कळांचे, बाकी सगळ्या लॅपटॉपांसारखे. २०१३ मध्ये तर टी ४४० ला टिकलीची स्वतंत्र बटनंच काढून टाकली. जगभर इतका आरडाओरडा झाला की २०१५ च्या टी ४५० मध्ये कंपनीला ती परत द्यावी लागली. आणि २०१७ मध्ये, थिंकपॅडला २५ वर्षं झाली म्हणून, चाहत्यांची मतं मागवून सात ओळींच्या कळफलकाचं एक खास मॉडेल काढलं, मोजक्या संख्येत. ते आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्यावर चर्चा मात्र रोज होते.

सातव्या ओळीसाठी लोक काय करतात ते सांगितलं तर खोटं वाटेल. टी ४३० च्या अंगात टी ४२० चा कळफलक बसतो, पण सरळ बसत नाही. त्याच्या पाठीच्या धातूच्या दोन-तीन जिभा कानशीनं घासून कमी कराव्या लागतात. जोडणीच्या ज्या पिना नव्या मशीनमध्ये दुसऱ्या कामाला लावल्यात त्यांच्यावर चिकटपट्टीचा केसाएवढा तुकडा डकवावा लागतो, नाहीतर आतलं काहीतरी जळतं. एवढं करून काही कळा भलतंच लिहितात, म्हणून कळफलक सांभाळणाऱ्या चिपमधला प्रोग्रॅम बदलायचा. अभियांत्रिकीची पोरं हे शनिवारी रात्री करतात. चीनमधले काही वेडे ह्याच्याही पुढे गेले. त्यांनी एक्स २०१ च्या जुन्या देहात बसेल अशी आठव्या पिढीच्या प्रोसेसरची नवी मदरबोर्ड बनवून एक्स २१० नावानं विकली. कंपनीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे माणसांना कंपनी नको होती, कंपनीनं एकदा केलेली वस्तू हवी होती, आणि कंपनी ती करत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः केली.

इथे मला ह्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. कंपनीचं चुकलं तर तिला शिव्या द्यायचा हक्क फक्त त्यांना आहे. बाहेरच्यानं दिली की सगळे एक होतात. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम सापडला, त्यानं सुरक्षेलाच भोक पडत होतं. हा विषय कुणी काढला की एका सुरात उत्तर येतं, ‘थिंकपॅडवर नव्हता!’ नव्हता, खरं आहे. पण बायोसनं तपासून कंपनीच्या यादीबाहेरचं वायफाय कार्ड नाकारायचं आणि मशीन सुरूच होऊ द्यायचं नाही, हा उद्योग थिंकपॅडवरच होता, आणि आमच्या लाडक्या टी ४२० वर होता. जी वस्तू उघडता येते म्हणून आपण तिच्यावर जीव टाकतो, तिच्याच दाराला आतून कडी. ह्याच्यावर सर म्हणतात, ‘त्याला तोड हाय की.’ तोड आहे, मान्य. पण दुसऱ्या कंपनीनं हेच केलं असतं तर सरांनी तिला तोड काढायची संधी दिली असती का?

खोड इतपतच असती तर हसून सोडली असती. मागच्या पावसाळ्यानंतर सेनगावकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन मामूंकडे आले. पोरगी तंत्रनिकेतनात लागलेली, कॉलेजला लॅपटॉप पाहिजे म्हणाले. सर तिथेच होते. त्यांनी टी ४२० समोर घेतला आणि सुरू झाले. सातवी ओळ, मॅग्नेशियमची चौकट, पन्हळ, अंतराळ. बाप हात जोडल्यासारखा ऐकत होता. पोरगी मधेच म्हणाली, ‘सर, ह्याचं वजन किती हाय?’ नऊ सेलची बॅटरी लावून ते अडीच किलोच्या आसपास जातं. सर म्हणाले, ‘वजन हाय म्हणून तर मजबूत हाय.’ ती म्हणाली, ‘मला रोज दोन एसट्या बदलायच्यात. आणि चार्जिंग किती वेळ पुरतंय?’ जुन्या बॅटरीचं कुणी काय सांगावं. सरांनी पुन्हा कळफलकावर आणलं. तिनं ऐकून घेतलं, ‘येतो सर’ म्हणाली, आणि दोघं निराला बाजाराकडे जाऊन एक हलका, नवा, साधा लॅपटॉप घेऊन परत आले, मामूंकडे बॅग घ्यायला. सर संध्याकाळभर घुम्यासारखे बसले होते. ‘प्लॅस्टिक घेतलं,’ एवढंच म्हणाले.

तिनं बरोबर केलं. तिला दुरुस्त करायला येणारी वस्तू नको होती, दुरुस्त करावी न लागणारी हवी होती, किमान तीन वर्षं. संध्याकाळी सातला घरी पोचून चूल, अभ्यास हे सगळं उरकणाऱ्या पोरीकडे शनिवारच्या रात्री नाहीत. लॅपटॉप खोलून बसणं ही चैन आहे, आणि ती चैन आमच्यात बहुतेक पुरुषांकडेच आहे. ग्रुपात बाई एकच, अंबाजोगाईच्या. डीटीपी करतात, लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, शाळांच्या प्रश्नपत्रिका. श्रीलिपी ह्या टायपिंगच्या प्रोग्रॅमवर त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं, आणि टिकली त्या आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली वापरतात. एकदा कुणीतरी त्यांना थिंकपॅडबद्दल चार शब्द लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘मनगट दुखायचं. आता दुखत नाही. टेबल लहान आहे, माउसला जागा नाही.’ त्यावर बरेच अंगठे पडले, पण मला वाटतं लोकांना ते जरा कमीच वाटलं. टेड सेल्कर यांना मात्र तेवढं पुरलं असतं.

सध्या ग्रुपात गडबड आहे ती विंडोजमुळे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे फुकटचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो. म्हणजे आमचे टी ४२०, एक्स २२० एका तारखेला कागदोपत्री बाद झाले. गुरुजींनी त्याआधीच शाळेतल्या मशीनवर विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकून घेतलं होतं. पोरांना फरक कळलासुद्धा नाही, त्यांना रंगकाम आणि टायपिंग एवढंच लागतं. दुसरीकडे २०१८ चा टी ४८० एकदम गादीवर बसला. आठव्या पिढीचा आहे, आणि मागून खटकन काढून दुसरी लावता येईल अशी बॅटरी असलेला टी मालिकेतला शेवटचा. मामू त्याचा भाव आता हसत हसत सांगतात, म्हणजे समजा काय ते.

त्याच्या पुढची मॉडेलं पातळ होत गेली, बॅटरी आत गेली, कित्येकांत रॅम बोर्डावरच डाखलेली. असे लॉट यायला लागलेत. मामू ते स्टेटसला टाकत नाहीत, तसेच विकून टाकतात. मला वाटलं होतं, आता ही मंडळी हळूहळू पांगतील. पण २०२४ मध्ये टी १४ चं पाचवं मॉडेल आलं. आयफिक्सिट ह्या दुरुस्तीवाल्या कंपनीला सोबत घेऊन त्याची बांधणी केली. रॅमच्या दोन्ही खाचा परत आल्या, बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते, आणि दुरुस्तीच्या सोपेपणाला आयफिक्सिटनं १० पैकी ९ गुण दिले.

सरांनी ही बातमी वाचली त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताट बाजूला सारून त्यांनी हिशेब मांडला. २०२४ चं मशीन कंपनी चार वर्षं वापरणार, म्हणजे २०२८. नेहरू प्लेसला सहा महिने, मग इकडे. २०२९ च्या उन्हाळ्यात मामूंकडे, फार तर दिवाळीला. पोस्टात त्यासाठी आरडी काढली आहे, असंही सांगितलं.

वहिनी भाकरी वाढत होत्या. म्हणाल्या, ‘अहो, त्यापेक्षा आत्ताच नवा घ्या की. हप्त्यानं.’

‘नव्याचं काय खरं असतंय गं,’ सर म्हणाले. ‘चार वर्सं कंपनीवाल्यांना वापरून बघू दे की आधी.’